मेकॉलेचं ‘ते’ भाषण आणि कायद्यातली अप्रीती

प्रश्न : ‘मी भारतभर फिरलो, एकही भिकारी किंवा चोर दिसला नाही, या देशाचा कणा मोडायचा तर त्याची शिक्षणपद्धती बदलावी लागेल,’ असं मेकॉले २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश संसदेत म्हणाला होता. मुलीला वक्तृत्व स्पर्धेत हे वापरायचं आहे. चालेल का?

उत्तर : नको, हे अवतरण बनावट आहे. अशा वेळी पहिल्यांदा एकच बघायचं: त्या दिवशी तो माणूस होता कुठे? मेकॉले १८३४ च्या जूनमध्ये भारतात आला आणि १८३८ मध्ये परत गेला. म्हणजे त्या तारखेला तो कलकत्त्यात होता, गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचा कायदा सदस्य म्हणून.

तारीख मात्र खरी आहे, आणि लोक फसतात ते त्यामुळेच. त्या दिवशी त्याने शिक्षणावरचं आपलं टिपण लिहिलं. १८१३ च्या चार्टर कायद्याने वर्षाला किमान एक लाख रुपये ‘साहित्याचं पुनरुज्जीवन’ आणि ‘विद्वान एतद्देशीयांना उत्तेजन’ यांसाठी ठेवले होते. ते कशावर खर्चायचे, हा वाद होता. मेकॉलेचं म्हणणं, त्यासाठी कायदा बदलायची गरजच नाही. त्याने शब्दांचा अर्थ बदलला: साहित्य म्हणजे फक्त संस्कृत-अरबी कशावरून? मिल्टनचं काव्य आणि न्यूटनचं भौतिकशास्त्र जाणणारा एतद्देशीय विद्वान का नाही? ७ मार्च १८३५ ला गव्हर्नर जनरल बेंटिंकने इंग्रजी शिक्षणाच्या बाजूने ठराव काढला.

याच टिपणात तो कबूल करतो की आपल्याला संस्कृत येत नाही, अरबीही नाही. आणि लगेच सांगतो की चांगल्या युरोपीय ग्रंथालयातली एक फळी भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या साहित्याच्या तोडीची आहे, आणि हे नाकारणारा एकही प्राच्यविद्या पंडित आपल्याला भेटलेला नाही. त्याची युक्ती बघा: आपण काही सिद्ध करायचंच नाही. जाणकार नाकारत नाहीत एवढं सांगून मोकळं व्हायचं. मुलीला ही दोन वाक्यं पाठोपाठ म्हणू द्या, मध्ये फक्त क्षणभर थांबायला सांगा. बनावट अवतरणापेक्षा जास्त परिणाम होईल. (बनावट अवतरणात भारताच्या मोठेपणाला साक्षीदार लागला, तोही साहेबच, ही गंमत वेगळीच.)

प्रश्न : टिळकांवरच्या १८९७ च्या खटल्यात एका शब्दाच्या अर्थावरून शिक्षा झाली, हे खरं का?

उत्तर : बऱ्याच अंशी खरं. दंडसंहितेतल्या राजद्रोहाच्या कलम १२४-अ मधला शब्द होता ‘डिसअफेक्शन’, म्हणजे अप्रीती. मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यात हे कलम होतं, १८६० च्या दंडसंहितेतून ते गळलं आणि १८७० मध्ये घातलं गेलं. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला सांगितलं की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. झालं! सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा ठरायची सोय झाली. ज्यूरीतल्या सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं, तीन भारतीयांनी निर्दोष. शिक्षा अठरा महिने सक्तमजुरी. पुढच्याच वर्षी दुरुस्ती करून अप्रीतीत राजनिष्ठा नसणं आणि शत्रुत्वाची भावनाही येते, असं कलमातच घालून टाकलं.

१ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम १५२ मध्ये ‘अप्रीती’ नाही. फुटीरता, सशस्त्र बंड, विघातक कृत्यं असे शब्द आहेत. पण जुन्या कलमात जन्मठेप नसेल तर तीन वर्षांपर्यंत कैद होती, इथे सात वर्षांपर्यंत आहे. शब्द गेला म्हणून कलम सौम्य झालं असं समजू नका.

प्रश्न : प्रबंधात जुन्या कागदांतला ‘गुन्हेगार जमाती’ हा शब्द येतो. बदलू का?

उत्तर : अवतरणचिन्हांच्या आत हात लावू नका. बाहेर, स्वतःच्या वाक्यात, ‘१८७१ च्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमाती’ असं लिहा. ‘गुन्हेगार जमाती’ म्हटलं की गुन्हा त्यांच्या रक्तातच असल्यासारखा वाटतो; ‘ठरवलेल्या’ म्हटलं की ठरवणारा दिसतो. त्याच्या जागी पुढे आलेला १९२४ चा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, तिथून पुढच्या काळासाठी ‘विमुक्त’. शिवाय जुने अहवाल वाचताना ‘बंदोबस्त करण्यात आला’, ‘शांतता प्रस्थापित झाली’ अशा कर्ता नसलेल्या वाक्यांखाली पेन्सिलीने रेघ मारत चला. कोणी, कोणाला, किती जणांना, हे समासात लिहायचं. उत्तर त्या अहवालात नसेल तर समास कोराच ठेवा, अंदाजाने भरू नका.