आधी छाट, मग विचार

अनेक आशीर्वाद.

काल वाशी लोकलमध्ये ऐरोली गेलं, रबाळे गेलं, तुझी मान काही फोनमधून वर येईना. "सर, दोन दिवस झाले, प्रोग्रामरांच्या ग्रुपवर एकानेही उत्तर दिलं नाही," म्हणालीस. तुझा प्रश्न वाचला. ‘फॉर्म चालत नाहीये, अर्जंट’, खाली कोडच्या सव्वातीनशे ओळी आणि स्क्रीनचा तिरका फोटो. कोण वाचणार गं? ती माणसं फुकट मदत करतात, तीही आपापली नोकरी सांभाळून.

आधी छाट, मग विचार. फॉर्मची कॉपी कर. हेडर उडव, सीएसएस म्हणजे रंगरूपाचा कोड उडव, पत्त्याचे रकाने उडव. दर वेळी सबमिट करून बघ, दुखणं तसंच आहे ना, म्हणजे मोबाइल नंबर डेटाबेसमध्ये अजूनही येत नाही ना. शेवटी तुझ्याकडे उरले असते दोन रकाने, एक बटण आणि ओटीपी जुळल्यावर मोबाइलचा रकाना डिसेबल, म्हणजे बंद, करणारी एक ओळ. मग एफ12 दाबून ब्राउझर काय पाठवतो ते नेटवर्कमध्ये पाहिलं असतंस तर दिसलं असतं, नाव जातंय, नंबर जातच नाही. डिसेबल केलेला रकाना ब्राउझर पाठवत नाही. बिचाऱ्या डेटाबेसवर दोन दिवस उगाच संशय!

2009 साली महापेच्या ऑफिसात मी याहून मोठा शहाणपणा केला होता. फाइल अपलोड होईना म्हणून अख्खा कोड लोकांपुढे चिकटवला, डेटाबेसच्या पासवर्डसकट. पहिलं उत्तर आलं, "आधी पासवर्ड बदला." मला रागच आला. दुसऱ्याने फॉर्मची फक्त पहिली ओळ मागितली. ती शोधून काढताना मलाच दिसलं, एनक्टाइप, म्हणजे फॉर्म माहिती कशा रूपात पाठवणार ते, मल्टिपार्ट केलेलाच नाही; फाइलसाठी तो लागतो. सर्व्हरला फाइलचं नुसतं नाव जात होतं. त्या दोघांचे आभार मानायचे राहिले. अजून सलतं.

म्हणून सांगतो, छाट. ऑफिसातली पोरं मला तिरसट म्हणतात, कारण कोणी काही विचारलं की मी "छाटलंस का?" एवढंच म्हणतो. म्हणू देत. बरेच जण छाटता छाटताच उत्तर घेऊन परत जातात. यात माझा आळस आहे म्हणशील, तर थोडा आहेही.

आता डिसेबलच्या जागी रीडओन्ली (दिसेल, पण टाइप करून बदलता येणार नाही असा) कर, मग नंबर जाईल. पण तो कोणीही ब्राउझरमध्ये फॉर्मचा कोडच बदलून वेगळा पाठवू शकतो, तेव्हा ओटीपीने पडताळलेला नंबर तोच आहे का, हे सर्व्हरवर तपास. आणि ग्रुपवरचा प्रश्न तसाच टाकून पळू नकोस, खाली उत्तर लिही. रात्री जेवण झालं की छाटलेला फॉर्म मला पाठव. सव्वातीनशे ओळी आल्या तर उघडणार नाही.