एम.ए.ची दोन वर्षं, एकच वॉर्ड

मुंबई

प्रिय भावी बातमीदारास,
सप्रेम आशीर्वाद.

पत्रकारितेच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी कुठे प्रवेश घ्यावा, असं तू विचारलंस. मुंबई विद्यापीठाचा विभाग असो की धोबीतलावची झेवियर्सची पदविका, तिथल्या शेवटच्या वर्षाच्या दोघातिघांना गाठ आणि एकच विचार: तुमची कॉपी, म्हणजे लिहिलेली बातमी, खाडाखोड करून परत कोण देतं, आणि आठवड्याला किती? ‘कोणीच नाही’ असं उत्तर आलं, तर स्टुडिओ कितीही चकाचक असला तरी दुसरीकडे बघ.

खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. चार सत्रं मुंबईभर बातम्या शोधत फिरू नकोस. महापालिकेचा एक वॉर्ड, म्हणजे प्रशासकीय विभाग, धर आणि शेवटपर्यंत सोडू नकोस. विद्यापीठाच्या कलिना संकुलात शिकणार असशील तर एच-पूर्व सोयीचा. वांद्रे, खार, सांताक्रूझचा पूर्वेकडचा भाग त्यात येतो. पहिला महिना वॉर्ड ऑफिसात बातमी मागूच नकोस. परिरक्षण (देखभाल-दुरुस्ती), घनकचरा, इमारत व कारखाने, जलकामे ही खाती कुठे बसतात आणि कोणतं काम कोणाचं, एवढं समजून घे. प्रतिक्रिया सहायक आयुक्त देतात, पण आकडा बहुतेक वेळा दुय्यम अभियंत्याच्या फायलीत असतो.

नालेसफाईचंच बघ. गाळ मेट्रिक टनात मोजतात. डंपर वजनकाट्यावर जातो, तिथे पावती निघते, गाडीचा नंबर आणि वेळ नोंदवली जाते. प्रेसनोटमधलं ‘अमुक टक्के सफाई पूर्ण’ हे वाक्य या पावत्यांच्या बेरजेवर उभं असतं. म्हणून आधी विचार, टक्के कशाचे? वर्षभराच्या गाळाचे की पावसाळ्याआधीच्या उद्दिष्टाचे? मग पावत्या तारीख-वेळेनुसार लाव. एकाच नंबरची गाडी अर्ध्या तासात दोन फेऱ्या दाखवत असेल, तर काटा ते गाळ टाकायची जागा हे अंतर स्वतः जाऊन मोज.

या पावत्या तोंडी मागून मिळत नाहीत. त्यासाठी माहिती अधिकार. अर्जाचं शुल्क १० रुपये. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. विद्यार्थी अडकतात ते प्रश्नाच्या घडणीत. ‘नालेसफाई नीट का झाली नाही?’ असं विचारलंस तर हाती काही लागणार नाही, कारण कायदा दप्तरात असलेली नोंद देतो, खुलासा देत नाही. ‘अमुक नाल्याच्या, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या वजनकाटा पावत्यांच्या आणि कंत्राटदाराला दिलेल्या देयकांच्या प्रती’ असं माग. माहिती कशासाठी हवी हे सांगायचं बंधन तुझ्यावर नाही. अर्ज नागरिक म्हणून कर, कॉलेजच्या लेटरहेडवर नको.

आणि दिवस मोज. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याच्या निकालाला ३० ते ४५ दिवस. म्हणजे साडेतीन महिने धरून चाल. सत्र तेवढ्यात संपतं. लघुप्रबंध यावर करायचा असेल तर अर्ज तिसऱ्या सत्राच्या पहिल्याच आठवड्यात जायला हवा. दिवाळीनंतर जागे होणारे शेवटी तीन वर्तमानपत्रांचे मथळे मोजून प्रबंध बांधतात, आणि दोन वर्षांत हाती आलेला वॉर्ड वाया जातो. याचं मला फार वाईट वाटतं.

अर्थसंकल्प वाचताना तरतूद, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे रकाने वेगळे ठेव. २०२५-२६ साठी महापालिकेने ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प मांडला; तो अंदाज होता. ‘इतके कोटी खर्च केले’ असं लिहायला प्रत्यक्ष खर्चाचा रकाना लागतो, आणि तो पुढच्या वर्षांच्या पुस्तकात सापडतो.

आता भाषेचं. सरकारी मराठीत कर्ता गायब असतो: ‘कार्यवाही करण्यात येत आहे’, ‘निर्देश देण्यात आले’. तुझ्या कॉपीत ‘करण्यात आले’ दिसलं की थांब आणि विचार, कोणी केलं? नाव किंवा पद सापडेपर्यंत वाक्य पुढे नेऊ नकोस. कित्येकदा तिथेच बातमी असते. इंग्रजी कॉपीवरून मराठी करताना आडनावं दगा देतात. काळे आणि काले, साठे आणि साथे रोमन लिपीत सारखेच दिसतात. फोन करून विचार.

गुन्ह्याच्या बातमीत घाई अजिबात नको. गुन्हा दाखल होणं, अटक, दोषारोपपत्र आणि शिक्षा या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. न्यायालयाने दोषी ठरवेपर्यंत माणूस आरोपीच असतो. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे; मूल असेल तर पॉक्सोचं, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम २३ लागतं. नाव गाळून चाळ, शाळेची इयत्ता आणि वडिलांचा धंदा छापला, तर वस्तीत सगळ्यांना कळतंच. त्या मुलीला उद्या त्याच गल्लीतून शाळेत जायचं आहे.

वॉर्ड ठरव, त्यातला एक नाला किंवा एक रस्ता निवड आणि अर्जाचा मसुदा मला पाठव. शब्द मोजून पाठव.

तुझा हितचिंतक