लेकीला ॲनेस्थेशियाच का हवंय

ताई, पत्र मिळालं. चार पानं लिहिलीत, त्यात साडेतीन पानं काळजी आणि अर्धं पान प्रश्न, पण आईचं पत्र असंच असणार. वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो: यांची मुलगी पुण्यातच एमबीबीएसची इंटर्नशिप करतेय, नीट पीजीचा अभ्यास चालू आहे, रँक बरा येईल असं वाटतंय, आणि घरच्यांच्या मनात रेडिओलॉजी नाहीतर स्किन असताना ती म्हणते मला ॲनेस्थेशियाच घ्यायचंय आणि पुढे त्यातच रिसर्च करायचाय. ताईंचे प्रश्न दोन. "भूल देणाऱ्या डॉक्टरचं नाव तरी कुणाला आठवतं का?" आणि "इंजेक्शन दिलं की माणूस झोपतो, त्यात आता शोधायचं काय उरलंय?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे, नाही आठवत. माझं स्वतःचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा सर्जनला मी पेढे नेऊन दिले, भूलवाल्या मॅडम आदल्या दिवशी येऊन दात हलतो का, घोरता का, जिने चढताना दम लागतो का असं पाच मिनिटं विचारून गेल्या त्यांचं नाव मला आजही माहीत नाही. लेकीला हारतुऱ्यांची हौस असेल तर ही लाईन नको, पण तुमच्या पत्रावरून तसं काही दिसत नाहीये.

दुसरा प्रश्न जास्त मोलाचा आहे. माझ्याच ऑपरेशनचं सांगतो, दुपारी दोनचा नंबर होता आणि मला सांगितलेलं रात्री बारानंतर पाण्याचा थेंब नाही, चहा नाही म्हणून डोकं असं ठणकत होतं की ऑपरेशन परवडलं. आता गंमत बघा, बहुतेक ठरलेल्या ऑपरेशनला साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं हे कधीच सिद्ध झालंय, गाइडलाइनमध्ये आलंय (दुधाच्या चहाला मात्र सहा तास, म्हणजे मला सकाळी आठच्या आत घेतलेला चालला असता), तरी कितीतरी ठिकाणी अजून "रात्री बारापासून उपाशी" हेच चालतं. झोपवायचं कसं हे १८४६ सालीच बोस्टनमध्ये ईथर देऊन दाखवून झालं. आज शोध चाललाय तो ऑपरेशनच्या आधीचे काही दिवस आणि नंतरचे काही आठवडे यांचा, ज्याला पेरिऑपरेटिव्ह केअर म्हणतात. डेन्मार्कच्या हेन्रिक केहलेट या सर्जननी १९९० च्या दशकात हेच लावून धरलं, की उपास कमी करा, दुखणं नीट आवरा, लवकर उठवून चालवा, लवकर खायला द्या, पेशंट लवकर बरा होतो. एकेक गोष्ट साधी, पण सवयी मोडायच्या म्हणजे पुरावा लागतो.

आणि पुरावा नेहमी आपल्याला वाटतं तसाच येतो असं नाही. तुम्ही लिहिलंय की आजोबांचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशननंतर दोन रात्री ते बरळत होते, तुम्हालाच ओळखेनात, आणि ही पोरगी त्यांच्या उशाशी बसून वहीत लिहीत होती की किती वाजता काय बोलले, कधी झोपले, चष्मा दिल्यावर फरक पडला का. तुम्हाला त्याचा राग आला. मला मात्र पूर्ण पत्रात तीच ओळ महत्त्वाची वाटली, कारण त्या बरळण्याला डिलिरियम म्हणतात आणि म्हाताऱ्या माणसांच्या भुलीतला तो आजचा मोठा प्रश्न आहे. सगळ्यांना वाटायचं पूर्ण भूल दिल्याने होतं, कमरेत इंजेक्शन देऊन स्पायनल केलं तर कमी होईल. अमेरिका-कॅनडात खुबा मोडलेल्या १६०० पेशंटवर रीगेन नावाची ट्रायल झाली, २०२१ मध्ये निकाल आला, तर दोन्हीकडे डिलिरियम साधारण सारखाच, पाचात एकाला. साठ दिवसांनी चालता येण्यातही फरक नाही. मग दुसरा विचार, मेंदूचे तरंग बघून भूल हलकी ठेवली तर? तीही ट्रायल झाली, एंगेजेस म्हणून, २०१९ मध्ये, १२३२ पेशंट, साठीच्या पुढचे. तरंग बघून भूल दिलेल्यांत २६ टक्के, नेहमीसारखी दिलेल्यांत २३. म्हणजे तिथेही फायदा नाही. आता एखादा म्हणेल एवढी मेहनत फुकट गेली, पण मला तसं वाटत नाही, आपण गैरसमजात होतो एवढं कळणं हेही कामच आहे, फक्त त्यासाठी वेगळा स्वभाव लागतो. पाच वर्षं राबून "फरक नाही" असा निकाल हातात आला तरी ज्याला झोप लागते त्याने इकडे यावं.

हे सगळं परदेशातच होतं असंही नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने देशातल्या अकरा सेंटरमध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १६०० बायकांवर अभ्यास झाला, गाठ काढायच्या थोडं आधी गाठीभोवती लिडोकेन टोचायचं, तेच दातवाले बधिर करायला वापरतात ते, स्वस्तातलं. २०२३ मध्ये छापून आलं, पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. असा प्रश्न ओटीत उभं राहूनच सुचतो.

मिस्टरांचं म्हणणं की भूल पुढे मशीनच देईल. मशीन आहेच, चंदीगडच्या पीजीआय हॉस्पिटलमध्ये मेंदूचे तरंग वाचून प्रोपोफॉल या भुलीच्या औषधाचा डोस आपोआप कमीजास्त करणारी यंत्रणा कधीच बनवलीय. पण ती डोस सांभाळते, श्वासनलिकेत ट्यूब जात नसेल, रक्त धो धो वाहत असेल, तेव्हा माणूसच लागतो. आणि खरं सांगू का, फोटो आणि स्कॅन वाचण्यात मशीनची धास्ती तुमच्या लाडक्या रेडिओलॉजीलाच जास्त आहे.

आता तुम्ही न विचारलेलं. पुण्यात बरेच भूलतज्ज्ञ फ्रीलान्स करतात, सकाळी कोथरूडला सिझेरियन, दुपारी हडपसरला हाड, रात्री दोनला फोन. पैसे मिळतात पण रिसर्च होत नाही, पेशंट दुसऱ्या दिवशी कसा आहे हेच कळत नाही. तिला खरंच संशोधन करायचं असेल तर कॉलेजला जोडलेलं मोठं हॉस्पिटल धरावं लागेल, पगार कमी, सही करायला रजिस्टरं जास्त. एमडी तीन वर्षांचं, त्यात थीसिस सक्तीचा, आणि इथेच बहुतेक मुलं चुकतात, सीनियरचा जुना विषय औषध बदलून उचलतात. अशी दोन औषधांची तुलना, साठ पेशंट, असे थीसिस कपाटं भरून पडलेत. तिने वहीतला प्रश्न घ्यावा, चष्मा आणि कानाचं मशीन लगेच परत दिल्याने डिलिरियम कमी होतो का. एथिक्स कमिटी, सीटीआरआयवर (देशातल्या ट्रायलच्या सरकारी यादीत) नोंदणी, सगळं रीतसर. स्टॅटिस्टिक्सची भीती आत्ताच घालवावी. पुढे कार्डियाक, न्यूरो किंवा क्रिटिकल केअरमध्ये डीएम, म्हणजे एमडीच्या पुढची डिग्री, करता येतं, ते नंतर बघू.

कॉलेज निवडताना नाव बघू नका, तिथल्या पीजींना दोनच गोष्टी विचारायला सांगा: ऑपरेशनआधीची तपासणी ओपीडी रोज चालते का, आणि ऑपरेशननंतर भूलवाले वॉर्डात राउंडला जातात का. दोन्हीचं उत्तर नाही आलं तर ते कॉलेज यादीत खाली टाका. इंडियन जर्नल ऑफ ॲनेस्थेशिया ऑनलाइन फुकट वाचता येतं, आठवड्याला एक लेख वाचायला लावा, महिन्यात कंटाळली तर तेही उत्तरच झालं. आणि इंटर्नशिपमध्ये पंधरा दिवस ॲनेस्थेशियात काढू दे, नाइट ड्युटी धरून.

चॉइस भरायच्या आधी तिला एकदा घेऊन या. वही आणायला सांगा. तुम्ही पण या, फक्त पहिला अर्धा तास बाहेरच्या खोलीत बसायचं, मधेच दार उघडून "सर, स्किनचं पण विचारा ना" असं नाही म्हणायचं.