वाचकांचे प्रश्न : गल्लीबोळातलं युद्ध

प्रश्न : आमच्या जुन्या गावात धाब्याची घरं एकमेकांना चिकटून आहेत, बोळ सहा-सात फुटांचे. रणगाडे असूनही अशा वस्तीत सैन्य का अडकतं?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : पहिली अडचण तोफेच्या नळीची. टी-७२ रणगाड्याची नळी साधारण १४ अंशांपर्यंतच वर उचलते. हिशोब करून पाहा. तोफ जमिनीपासून दोन मीटरवर आणि खिडकी १२ मीटर उंचीवर असेल, तर रणगाडा किमान ४० मीटर मागे हवा. शहरी रस्त्यात समोरच्या इमारतीपासून एवढं अंतर मिळतं कुठे? तळघराचंही तेच, नळी खाली जेमतेम ६ अंश झुकते. १९९४ च्या अखेरीस चेचन्याची राजधानी ग्रोझ्नीत रशियन ताफ्यांचं पुढचं आणि मागचं वाहन आधी पेटवलं गेलं, मधली कोंडली. सोबत पुरेसं पायदळ नसणं ही तिथली सर्वांत महागडी चूक. पायदळाला नेणाऱ्या बीएमपी-२ या चिलखती गाडीची, म्हणजे आपल्याकडच्या 'सारथ'ची, ३० मिमी तोफ मात्र ७४ अंशांपर्यंत उचलते, म्हणून ती इथे जास्त कामाची.

पायदळाला दार आणि बोळ दोन्ही घातक, कारण नेम तिथेच धरलेला असतो. १९४३ मध्ये इटलीतल्या ऑर्टोनात कॅनडाचे सैनिक घरांच्या सामाईक भिंती स्फोटकांनी फोडत पुढे सरकले. तुमच्याकडच्या चिकटलेल्या भिंतींतून हेच करता येईल, पण मातीचं धाबं अंगावर कोसळायची भीती मोठी. जाड भिंतींआड वायरलेसही दगा देतो.

आणि माणसं घरातच असतात. इराकमधलं मोसुल शहर 'आयसिस'कडून परत घ्यायला ऑक्टोबर २०१६ ते जुलै २०१७ लागले, ते यामुळेही.