प्यूजो 309 जीटीआय म्हणजे आपल्याकडची कल्याणची 309च का?

सांगाडा तोच, जीव वेगळा. कल्याणच्या कारखान्यात नव्वदच्या दशकात जोडलेली 309 साधी कुटुंबाची गाडी, 1.4 पेट्रोल किंवा 1.5 डिझेल. 1987 ची जीटीआय ही वेगवान आवृत्ती मात्र प्यूजोच्याच छोट्या 205 जीटीआय गाडीचं 1.9 लिटरचं, 130 अश्वशक्तीचं इंजिन घेऊन आली. वजन टनाच्याही आत, त्यामुळे पळायची सुसाट!

गंमत म्हणजे 309 च्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 205 पेक्षा जरा जास्त. वळणात ॲक्सिलरेटर सोडला की 205 ची शेपूट पटकन बाहेर सुटते, 309 तुलनेनं सांभाळून घेते. दिसायला खोकंच, मूळ आराखडा ताल्बो या प्यूजोच्याच दुसऱ्या ब्रँडच्या नावाखाली विकायचा होता. तरी मी 309च निवडेन. पाच दारं, मागे ऐसपैस डिकी, आणखी काय हवं?