माहीम कॉजवेखालचं काळं पाणी म्हणजे नदी, नाला की खाडी? पूर्वी ते कसं होतं?

तुम्ही लिहिलंय की रोज वांद्र्याहून माहीमला बसने येताना पुलावर आलं की खिडकी लावून घ्यावी लागते. शेजारच्या काकांनी ‘ही मिठी नदी’ असं सांगितलं, तेव्हा तुमचा विश्वास बसला नाही. माझा जन्म माहीमचा, सगळं आयुष्य याच पाण्याच्या काठाला गेलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ती खाडी आहे. मिठी नदी तिला वरून येऊन मिळते, आणि शहराचे नाले दोन्हीकडून तिच्यात सोडलेत. नाल्याचं पाणी एकाच दिशेला जातं, खाडीचं दिवसातून दोनदा उलटं फिरतं. एकदा बसमधून उतरून पुलाच्या कठड्याशी उभे राहा. ओहोटी संपत आलेली असताना निर्माल्याची एखादी पिशवी समुद्राकडे चाललेली दिसेल. मग ती रेंगाळते, जागच्या जागी गिरकी घेते, आणि थोड्या वेळाने आली त्याच वाटेने धारावीकडे परत निघते. एवढी घाण पोटात घेऊनही समुद्र इथे अजून आत येतो.

आता पूर्वीचं. दक्षिणेला माहीमचं बेट, उत्तरेला साष्टी (वांद्र्यापासून ठाण्यापर्यंतचं मोठं बेट), आणि मधे ही खाडी. विहारच्या डोंगरातून उतरलेली मिठी कुर्ल्याच्या खाली तिच्यात मिसळायची. तेव्हा तिला आजच्यासारखे सरळ काठ नव्हते. भरतीला सायनपर्यंत पाणी पसरायचं, ओहोटीला नुसता चिखल, तिवरं आणि खाजणं. धारावी म्हणजे या चिखलाच्या कडेचा कोळीवाडा. १९०९च्या मुंबई गॅझेटियरने शहरातल्या मोठ्या कोळीवाड्यांत त्याचं नाव घेतलंय. आज धारावी म्हटलं की लोकांना झोपड्या आठवतात, पण तिथले मूळचे लोक जाळी टाकणारे होते.

आणि ही खाडी सरहद्दही होती, हे फार कमी मराठी माणसांना माहीत असतं. अलीकडे इंग्रज, पलीकडे पोर्तुगीज. १७३७ साली चिमाजीअप्पांच्या फौजा साष्टीत उतरल्या, १७३९ला वसई पडली, आणि खाडीचा वांद्र्याकडचा काठ मराठ्यांचा झाला. १७७४च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेऊन साष्टी बळकावली, तोवर म्हणजे सुमारे पस्तीस वर्षं, या पाण्याच्या एका तीरावर मराठी राज्य होतं आणि दुसऱ्यावर कंपनीचं.

त्या दिवसांची एक खूण अजून उभी आहे. धारावीत बसच्या डेपोजवळ एक लहानसा काळ्या दगडाचा बुरूज आहे. लोक त्याला काळा किल्ला म्हणतात, जुनं नाव रीवाचा किल्ला. भिंतीतल्या शिळेवर गव्हर्नर जॉन हॉर्नचं नाव आणि १७३७ हे साल कोरलंय. साष्टीत मराठे उतरले तेच हे साल. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पायाशी कचऱ्याचा ढीग होता, त्यावर उभं राहून अक्षरांवरून बोट फिरवलं. मग मागे वळून खाडी शोधली. नजर ठेवायला बांधलेला बुरूज, पण डोळ्यांसमोर घरं, पत्रे आणि पाण्याच्या टाक्या. खाडी किती मागे हटवली गेली हे मला त्या दिवशी कळलं, ते कुठल्याही नकाशाने इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

ही खाडी एका माणसाने किंवा एका योजनेने बुजवली नाही. थोडी थोडी करत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गव्हर्नर डंकनच्या काळात सायनचा बांधरस्ता झाला. १८४५ साली माहीमचा कॉजवे खुला झाला. सरकार पैसे घालायला तयार नव्हतं, तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी दीड लाखांहून जास्त रुपये दिले, आणि पुलावर कुणाकडून टोल घ्यायचा नाही अशी अट घातली. लेडी जमशेटजी रोड त्यांच्याच नावाचा. त्याआधी पावसाळ्यात नावेतून खाडी ओलांडणं जिवावरचं काम होतं, त्यामुळे त्या बाईंचे उपकार मी मानतोच. पण रस्त्यासाठी भराव आला, आणि पाण्याला जायला कमानींपुरतीच वाट उरली.

माझ्या मते खरा घाव मात्र १८६० साली बसला, आणि तो खाडीपासून कितीतरी कोस दूर. मुंबईला पिण्याचं पाणी हवं होतं म्हणून मिठीचं पाणी डोंगरातच अडवून विहार तलाव बांधला. शहर जगलं ते त्या पाण्यावर, त्याबद्दल तक्रार नाही. पण तेव्हापासून पावसाळ्यात तलाव भरून वाहील तेवढंच गोडं पाणी खाली येतं. बाकीचे आठ महिने नदीच्या पात्रात वरून काही येतच नाही. ती रिकामी जागा कशाने भरली? सांडपाण्याने. धारावीतले चामडं कमावण्याचे कारखाने, मग कुर्ला-साकीनाक्याचे रंगाचे, तेलाचे, भंगाराचे धंदे, आणि लाखो घरांचा मैला. तुम्ही खिडकी लावता त्या वासाचं कारण हे आहे. चिखलाला मुळात दुर्गंधी नसते. आमच्याकडे मासळी घेऊन येणारी कोळीण मावशी सांगायची, तिच्या लहानपणी ओहोटीला बायका गुडघाभर चिखलात उतरून निवट्या आणि चिंबोऱ्या पकडायच्या, पुरुष पाग (फेकायचं जाळं) टाकून बोय मासे काढायचे, आणि घरी आल्यावर पाय धुतले की वास गेला.

वांद्रे-कुर्ला संकुल तुम्हाला माहीत आहेच. १९७७पासून एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) तिथली सुमारे ३७० हेक्टर सखल जमीन विकसित करायला घेतली. ती जमीन म्हणजे भरतीचं पाणी पसरायची जागा. वर विमानतळापाशी तर नदीला काटकोनात वळवलंय. मग २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यात दुपारी तीनच्या सुमारास मोठी भरती. वरून येणारं पाणी आणि समुद्राकडून चढणारं पाणी समोरासमोर आलं आणि पसरायला जागाच नव्हती. ते कलिन्यात, कुर्ल्यात, सायनमध्ये माणसांच्या घरात शिरलं. कित्येकांना ‘आपल्याकडे मिठी नावाची नदी आहे’ हे त्या दिवशी समजलं. नंतर पात्र रुंद केलं, गाळ काढला, भिंती बांधल्या. गाळ दरवर्षी काढावा लागतो, कारण वरून मैला येणं थांबलेलं नाही. धारावी आणि वांद्र्याला सांडपाणी शुद्धीकरणाची नवी केंद्रं बांधायला घेतलीत. ती नीट चालली तर फरक पडेल असं मला मनापासून वाटतं, कारण भरती अजून येते आणि तिवरं अजून तग धरून आहेत.

हे मी उगाच म्हणत नाही. सायन-वांद्रे लिंक रोडवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, १९९४ साली खुलं झालेलं. तिथे आधी शहराचा कचरा टाकायचे. त्या कचऱ्यावर माती घालून झाडं लावली, आज आत शिरलं की रस्त्याचा आवाज ऐकू येत नाही, आणि पलीकडच्या कडेला खाडीची तिवरं दिसतात.

बघायला यायचं असेल तर कोळ्यांचा हिशेब सांगतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. पौर्णिमेच्या दिवशी सकाळी नऊ-दहाला पुलावर थांबलात तर पाणी धारावीकडे चढताना दिसेल. संध्याकाळी सहाला पुन्हा या, कडेचा चिखल उघडा पडलेला असेल, आणि तिवरांच्या मुळांशी बगळे उतरलेले असतील.