चिनी लोकांना चेहऱ्याच्या त्वचेचा कर्करोग होतो का? ऑपरेशनने चेहरा बिघडतो का?

होतो. गोऱ्यांपेक्षा कितीतरी कमी, पण होतो. आणि कोणाच्या मनातच येत नाही म्हणून उशिरा कळतो.

माझं सासर सिंगापूरचं, चिनी. सासूबाईंच्या डाव्या नाकपुडीवर काळा तीळ होता. सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचा ठिपका दिसायला लागला, तेव्हा मी म्हटलं, तुकडा काढून तपासायला पाठवू. थोरल्या दिरांनी मला न सांगता त्यांना एका ब्युटी क्लिनिकमध्ये नेऊन तीळ लेझरने जाळून आणला. जाळल्यावर तपासायला उरतं काय?

दीड वर्षात तो तिथेच परत आला. मधे खपली, कडेला मोत्यासारखी चकाकी. बायोप्सीत बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाचा एक प्रकार, निघाला. गोऱ्या कातडीवर हा बहुधा गुलाबी दिसतो, चिनी कातडीवर बऱ्याचदा काळा. म्हणूनच तीळ समजून फसतात.

मोह्स पद्धतीने ऑपरेशन झालं. भूल फक्त नाकापुरती. पातळ थर काढायचा, त्याची सगळी कड मायक्रोस्कोपखाली बघायची, जिथे रोग उरलाय तिथूनच पुन्हा कापायचं. दोन फेऱ्यांच्या मधे सासूबाई नाकावर पट्टी घेऊन माझ्याशेजारी बसायच्या, थर्मासमधलं गरम पाणी घोटघोट पीत. तिसऱ्या फेरीत कड साफ आली, पण नाकपुडी अर्धी गेली होती. ती कपाळाची कातडी फिरवून बांधली. तीन आठवडे कपाळापासून नाकापर्यंत कातडीची वळी लोंबत होती, मग ती कापली.

ती बघून दीर म्हणाले, ‘चौऱ्याहत्तराव्या वर्षी आईचे हाल केलेस.’ मी त्यांना सांगितलं, कपाळाच्या कातडीने नाक बांधल्याची पुण्याची हकिकत लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनने १७९४ सालीच छापली होती. हे काही नवं खूळ नाही.

आता कपाळावर एक उभी रेघ आहे, नाकपुडी किंचित जाड. चिनी कातडीत व्रण जास्त फुगतात, काळवंडतात, हे खरं आहे. पण त्याला मी चेहरा बिघडणं म्हणत नाही. त्या रोज बाजारात जातात.

मी डॉक्टर नाही. प्रत्येक तीळ कर्करोग नसतो. गाठ लहान, कमी धोक्याची असेल तर भोवतीची चारेक मिलिमीटर कातडी घेऊन सरळ टाके घालूनही भागतं. स्क्वेमस सेल हा त्वचेच्या कर्करोगाचा दुसरा प्रकार निघाला तर मात्र मानेतल्या लसिकाग्रंथीही तपासाव्या लागतात.

लेझर सुचवणाऱ्याला आधी विचारा, तुकडा कुठे तपासणार? दीर अजूनही ऑपरेशनलाच दोष देतात. पहिल्याच वेळी तुकडा तपासला असता तर आईंच्या कपाळाला सुरी लागली नसती.